दोनशे चौदा ओळी

यादी सकाळी नऊला सुरू व्हायची आणि ही ओळ आठ बावन्नची होती. बुधवारी दुपारी, जेवण झाल्यावर डोळे जड होतात त्या वेळी, त्याला ती पडद्यावर दिसली. आधी वाटलं घड्याळ चुकलं असेल. यंत्राची घड्याळंही चुकतात, मिनिटभर मागेपुढे होतात. पण ओळीच्या शेवटी, शेरा लिहायच्या रकान्यात, जिथे कुणी कधी काही लिहितं हेच त्याला ठाऊक नव्हतं, एक शब्द होता. फोनवर. त्यानं यंत्राला तो शब्द सगळीकडे शोधायला लावला. दोनशे चौदा ओळी आल्या. आठ चौतीस, आठ एक्केचाळीस, आठ अठ्ठावन्न. सगळ्या नऊच्या आतल्या. सगळ्या हातानं लिहिलेल्या, आणि हात कुणाचा ते विचारायला नको होतं, कारण ती फाइल त्याच्या बायकोची होती. बायको जाऊन अकरा महिने झाले होते.

त्यांचं ऑफिस सहा जणांचं. माणसानं शेअर विकत घ्यायचे-विकायचे दिवस त्या ऑफिसातून केव्हाच गेले होते, काम प्रोग्राम करायचे. हा मागच्या खोलीत बसून ते प्रोग्राम जुन्या आकड्यांवर चालवून बघायचा, पास-नापास करायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. ती पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. तिचं काम उसन्या शेअरांचं. एखादा शेअर पडणार असं वाटलं तर तो आधी विकायचा आणि पडल्यावर स्वस्तात घ्यायचा. पण आपल्याजवळ नाही ती वस्तू विकायची तर आधी कुणाकडून तरी उसनी आणावी लागते. वाटीभर साखर आणावी तसं. दलालाकडे त्यासाठी एक खिडकी असते, तिथे यादी लागते: आज कुठला शेअर किती उसना मिळेल. दर पाव तासाला नवी यादी यायची आणि जुनी पुसली जायची. जुनी कुणी ठेवत नसे, कालची यादी कुणाला हवी. तिला हवी होती. आठ वर्षांपूर्वी तिनं एक छोटासा प्रोग्राम लिहून प्रत्येक यादी साठवायला सुरुवात केली. तेव्हा हाच तिला म्हणाला होता, "रद्दी जमवतेस." आणि आता मास्तरांचा नवा प्रोग्राम, जो येत्या सोमवारी खऱ्या बाजारात उतरायचा होता, तो उभाच मुळी त्या रद्दीवर होता. दोघांनी मिळून केलेलं असं ते एकच काम. तिनं साठवलं, यानं त्यावर बांधलं. ती असताना बांधून झालं नाही, एवढंच.

ओळी इतकी वर्षं दिसल्या नव्हत्या, कारण त्याच्याच प्रोग्रामनं त्या गिळल्या होत्या. कुठलीही वेळ आली की तो ती पुढच्या यादीच्या वेळेला चिकटवायचा. आठ बावन्नचे नऊ. या आठवड्यात त्यानं ते चिकटवणं काढलं, तेव्हा त्या वर आल्या, पाणी ओसरल्यावर तळातल्या वस्तू दिसाव्यात तशा. शेअर पाहिले तर सगळे असे, की नऊच्या यादीत त्यांच्यापुढे शून्य. कुणालाही न मिळणारे. आणि ते तिला मिळाले होते. पाच हजार, बारा हजार, एकदा चाळीस हजार.

शेजारी बसणाऱ्या आकडेवालीला त्यानं विचारलं. ती तिशीतली, संख्याशास्त्र शिकलेली, बोलण्यात सरळ. खुर्ची सरकवून पडद्यात डोकावली आणि म्हणाली, "अहो मास्तर, ते मॅडमचे फोन. सकाळचे."

"कुणाला?"

"त्या दलालाच्या उसनवारीच्या खिडकीवर एक गृहस्थ आहेत ना, त्यांना. यादी लावायच्या आधीच मॅडम त्यांना विचारून घ्यायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मी लवकर यायचे तेव्हा बघायचे ना. पाय वर घेऊन बसायच्या खुर्चीत. हसायच्या पण मधेच." एवढं बोलून ती थांबली, आणि जरा घाईनं म्हणाली, "या ओळी काढून निकाल बघावा लागेल पण. प्रोग्राम काय फोन करणार नाहीये."

पाय वर घेऊन. ते बसणं त्याला माहीत होतं. उजवा पाय दुमडून खाली, डावा गुडघा छातीशी, हनुवटी त्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती तशी बसायची, आणि मग केव्हा बसायची थांबली हे त्याला सांगता आलं नसतं. आणि फोन. फोनचं तर घरात ठरलेलं होतं. "तू बोल रे, मला फोनवर बोलता येत नाही." गॅसवाल्याला याचा फोन, दातांच्या डॉक्टरला याचा फोन, मुलीच्या शाळेत उशीर होणार असेल तर याचाच. घंटी वाजली की ती हातातलं काम वाढवायची, पीठ मळत असली तर आणखी मळायची. त्याला ते आवडायचं. मित्रांत तो सांगायचासुद्धा, आमच्याकडे बाईसाहेब फोनला घाबरतात. एवढी हुशार बाई, पण एका गोष्टीसाठी तिला आपली गरज आहे, असं त्याला बावीस वर्षं वाटत आलं होतं. ती रोज सकाळी त्याच्याआधी दीड तास घर सोडायची. तो अजून लोळत असायचा. दार ओढल्याचा आवाज त्याला अर्धवट झोपेत यायचा आणि बरं वाटायचं, आता अंथरूण सगळं आपलं. आपण अंथरुणात पसरत होतो त्या वेळी ती खुर्चीत पाय वर घेऊन एका माणसाशी बोलत होती, हे त्याला बुधवारी दुपारी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं मेव्हणीला फोन लावला. खुशाली झाली, मुलीची चौकशी झाली, मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या ताईला फोनचा कंटाळा होता, नाही?"

"कुणाला, ताईला?" मेव्हणी हसलीच. "भावजी, कुणी सांगितलं तुम्हाला? कॉलेजात असताना फोनच्या वायरीत गुंडाळून बसायची ती. आईनं कुलूप घातलं होतं फोनला. तर केसातल्या पिनेनं उघडायची."

"हो का," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही सांगितलं? बदमाश आहे." 'आहे' म्हणून गेली ती. मग दोघांनी मिळून दुसरा विषय काढला.

गुरुवारी त्यानं ऑफिसात काही काम केलं नाही. केलं असं दिसत होतं. दोनशे चौदा ओळींच्या तारखा एका बाजूला घेतल्या आणि दुसऱ्या बाजूला त्या दिवशीचं जे आठवेल ते लिहीत बसला. लग्नाच्या एका वाढदिवसाला मुंबईला नेतो-नेतो म्हणून त्यानं तिला नेलं नव्हतं, ती रुसली असेल असं तो धरून चालला होता, तर त्या सकाळी आठ एक्केचाळीसला तिनं बारा हजार शेअर मिळवले होते. ज्या दिवशी तो तिला स्टेशनवरून आणायला विसरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन ओळी. पहिली आठ चौतीस, दुसरी आठ अठ्ठावन्न. एकाच फोनवरच्या असतील तर चोवीस मिनिटं. शेअर मागायला चोवीस मिनिटं लागत नाहीत. किती आहेत, एवढे आहेत, द्या, घ्या. दीड मिनिट, फार तर दोन. उरलेल्या बावीस मिनिटांत तिनं त्याला काय सांगितलं? माझा नवरा मला विसरला? आणि तो काय म्हणाला? तो माणूस त्याला दिसायला लागला. आधी चाळिशीचा, दाट केसांचा, मग जरा तरुण, मग हातात सोन्याचं घड्याळ असलेला. तो खिडकीवाला फक्त आवाज होता आणि आवाजाला हवा तो चेहरा लावता येतो. त्यानं एकेक लावून बघितला आणि प्रत्येकाचा त्याला राग आला. त्याच्या धंद्यातला पहिला नियम असा, की प्रोग्रामला त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच दाखवायचं. उद्याचं आज दिसलं की कुठलाही मूर्ख प्रोग्राम शहाणा ठरतो. नवीन पोरांना तो हे दमात घेऊन शिकवायचा. आणि आता स्वतः बसून आठ वर्षांच्या सकाळी, ज्या त्या त्या दिवशी अगदी चांगल्या गेल्या होत्या, आजच्या डोळ्यांनी एकेक करून नापास करत होता. तिनं डब्यात जास्तीची भाजी दिली होती तो दिवस नापास. येताना त्याच्यासाठी मोजे आणले होते तो दिवस नापास, कारण त्या सकाळी चाळीस हजार मिळाले होते, खुशीत असणार, मोजे त्या खुशीतले.

आकडेवालीनं तोवर ओळी वगळून निकाल काढला होता. निम्म्याहून खाली. "साहजिक आहे," ती म्हणाली. "जे पडणार तेच कुणाला उसने मिळत नाहीत. आणि आपला सगळा नफा त्यातच दिसत होता. बाकीचं ठीक आहे, पण एवढ्यावर उतरण्यात अर्थ नाही."

भागीदार मधल्या खोलीत असायचे. ऑफिस त्यांचं, आणि याच्याबरोबर शिकलेले, त्यामुळे अरे-तुरे. त्यांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाले, "मग त्यात काय. तू फोन कर रोज. तिला देत होता तर तुला देणार नाही?"

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. यानं दोन्ही निकालांचे कागद उचलून घेतले.

"बघतो," तो म्हणाला.

"बघ. सोमवारी साडेनऊच्या आत मला हो किंवा नाही सांग. नाही म्हणालास तर हे गुंडाळू. दोन वर्षं झाली याच्यावर."

शुक्रवारी तो जन्मात पहिल्यांदा साडेआठच्या आत ऑफिसात आला. कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत ऊन तिच्या टेबलावर पडलं होतं आणि त्याला वाटलं, असं ऊन इथे येतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं. दहा वाजता तो यायचा तेव्हा ते सरकून भिंतीवर गेलेलं असायचं. तिच्या जागी अजून कुणाला बसवलेलं नव्हतं. फोन होता, फोनवर हातानं चिकटवलेली नंबरांची चिठ्ठी होती, सगळ्यात वरचा नंबर बोटं लागून पुसट झालेला. तो खुर्चीत बसला. पाय वर घेऊन बघितला एक, मग खाली सोडला. आठ बावन्नची वाट बघितली, उगाच, आणि नंबर लावला. तिकडून अर्ध्या घंटीत उचलला गेला.

"बोला मॅडम," आवाज म्हणाला. "किती दिवसांनी."

आवाज तरुण नव्हता. घोगरा, खाकरून साफ केलेला, साठीच्या घरातला. पण त्या 'बोला'मध्ये जे होतं ते याच्यासाठी नव्हतं. तिचा नंबर बघून तिच्यासाठी उचललेला फोन. जगात एका ठिकाणी ती अजून फोन करू शकत होती.

"मॅडम नाहीत. मी त्यांच्या ऑफिसातून बोलतोय."

"अच्छा अच्छा. माफ करा. नंबर दिसला म्हणून." जरा थांबून, "आहेत ना त्या तिथेच? नोकरी बदलली असेल म्हटलं. दीड वर्षावर झालं."

"आहेत," याच्या तोंडून गेलं.

"मग ठीक. बरं, एक विचारू का? तुम्हाला माहीत असेल तर. त्या तपासणीचं काय निघालं त्यांच्या?"

"कसली तपासणी?"

"नाही मग राहू दे. ऑफिसात बोलल्या नसतील. मी आपला विचारून बसलो. सतरा मार्चला होती, माझ्या वहीत खूण आहे. त्यानंतर फोनच नाही."

सतरा मार्च. घरी तिनं त्याला सांगितलं ते दोन एप्रिलला, शनिवारी, तो नळ दुरुस्त करत होता, पाना त्याच्या हातात होता. ओट्याला टेकून ती म्हणाली, "अरे, मी एक तपासणी करून घेतली." म्हणजे सोळा दिवस. सोळा दिवस या घोगऱ्या आवाजाच्या म्हाताऱ्याला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. तिच्या आजारपणाचे आठ महिने त्यानं तिच्या उशाशी काढले होते, औषधांच्या वेळा पाठ होत्या, तिच्या पायाची सूज बोटानं दाबून किती आहे ते सांगायचा, आणि त्या सगळ्यात त्याची एकच मिरास होती, की हे पहिल्यांदा मला सांगितलं. ती पण गेली.

"मॅडम आता दुसरीकडून घेतात," तो म्हणाला.

तिकडे खुर्ची करकरली.

"दुसऱ्या खिडकीकडून?"

"हो."

"बरं," आवाज म्हणाला. "मिळतात का तिकडे चांगले?"

"भरपूर."

"बरं, बरं. मिळायलाच पाहिजेत." खाकरला. "सांगायला हरकत नव्हती एवढंच. मी काय अडवणार होतो? नमस्कार सांगा माझा."

फोन ठेवला तेव्हा आठ छपन्न झाले होते. बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं, आणि ते चांगलं दुपारपर्यंत पुरलं. म्हाताऱ्याला टोचलं, आपल्याला टोचलं होतं तसंच टोचलं. आता तोही बसू दे आठवत, कुठल्या सकाळी आपण काय कमी पडलो ते. जेवताना मात्र ते पुरेनासं झालं. म्हातारा पहिल्या वाक्याला जो खुलला होता आणि शेवटच्या वाक्याला जो मोडला होता ते दोन्ही आवाज एकामागून एक कानात येत राहिले. आणि ती आता कुठेतरी होती, दुसऱ्या खिडकीशी बोलत, पाय वर घेऊन. हे त्यानंच केलं होतं. तिला गेलेली ठेवायच्या ऐवजी पळून गेलेली करून टाकली होती.

शनिवार-रविवार घरात बसून त्यानं सतरा मार्च शोधला. माणसाला दीड वर्षापूर्वीचा दिवस आठवत नाही, पण त्याच्या प्रोग्रामची दैनंदिनी होती. त्या दिवशी त्यानं एकोणीस चाचण्या चालवल्या होत्या. शेवटची साडेसहाला. म्हणजे घरी सात. सात म्हटल्यावर एक चित्र आलं, ते त्याच दिवसाचं की शेजारच्या दिवसाचं हे सांगता येणार नाही, पण आलं. ती बाल्कनीत बसली होती, दिवा न लावता. त्यानं बूट काढता काढता बटण दाबलं आणि म्हणाला, "अंधारात काय बसलीस?" आणि ती काही म्हणाली का? तो हात धुवायला गेला होता. आत पाण्याचा आवाज होता. बाहेर आला तेव्हा ती ताटं घेत होती, आणि त्यानं तिला त्या दिवशी झालेली गंमत सांगितली, प्रोग्रामनं एका रिकाम्या रकान्यात शून्य भरलं आणि सगळा निकाल कसा फिरला ती. त्यावर तरी ती नक्की बोलली असणार, कारण त्यावरून त्यांचं जुनं भांडण होतं. यादीत जिथे काही आलं नसेल तिथे हा शून्य भरून टाकायचा, काम सोपं होतं. ती चिडायची. "रिकामं भरू नकोस रे. शून्य म्हणजे विचारलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे विचारलंच नाही. दोन्ही एक कसे?" तो म्हणायचा, "शेवटी मिळालं नाही ना? मग एकच." लग्न झाल्यापासून असली भांडणं त्यांनी प्रेमानं केली होती. रविवारी संध्याकाळी तो त्याच बाल्कनीत त्याच खुर्चीवर दिवा न लावता बसून राहिला. त्या सोळा दिवसांपुढे त्यानं तीन दिवस शून्य धरलं होतं: तिनं सांगितलं नाही. ते शून्य कुणी भरलं, हे त्याला तिथे बसल्यावर दिसलं, आणि आत जाऊन दिवा लावायला त्याला बराच वेळ लागला.

सोमवारी आठ पन्नासला त्यानं पुन्हा नंबर लावला. या वेळी घंटी बराच वेळ वाजली.

"बोला," आवाज म्हणाला. मॅडम नाही म्हणाला.

"मी शुक्रवारी बोललो होतो. तेव्हा खोटं बोललो. मी त्यांचा नवरा."

"हां."

"त्या गेल्या. गेल्या नोव्हेंबरात."

तिकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खाकरणं ऐकू आलं, एकदा, पुन्हा एकदा.

"त्या तपासणीतलंच?"

"त्यातलंच."

"मी म्हटलं होतं त्यांना, आधी घरी सांगा. तर म्हणाल्या, घरी सांगितलं की ते खरं होतं. तुम्हाला काय, तुम्हाला सांगितलं म्हणजे नुसतं बोलणं." तो थांबला. "मग पुन्हा फोन नाही. मी विचारीन म्हणून केला नसेल. आणि खिडकीनं आपण होऊन फोन करायचा नसतो, साहेब. आमच्यात तसा नियम आहे. आलेला घ्यायचा. नाहीतर केला असता. फार वाटलं होतं."

इतके दिवस हा माणूस सोळा दिवसांनी पुढे होता. आणि त्या सोळा दिवसांनंतर त्याला काही म्हणजे काही मिळालं नव्हतं, दीड वर्ष, एक वहीतली खूण सोडून.

"काय बोलायची ती इतकी?" शेवटी त्यानं विचारलं. विचारताना लाज वाटली, तरी विचारलं.

"काय बोलणार. मी यादी वाचायचो, त्या ऐकायच्या. यादी लावायच्या आधी मला एकदा मोठ्यानं वाचायची सवय, चूक सापडते. मग माझ्या गुडघ्याचं, त्यांच्या मुलीचं. तुमच्यावरून भांडायच्या. तुम्ही मास्तर ना? रिकाम्या जागी शून्य भरणारे?"

"मीच."

"मला ते पटायचं, तुमचं," म्हातारा म्हणाला. "त्यांना आवडायचं नाही मी तुमची बाजू घेतलेली."

याला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ ते दुसरंही आलं. फोन तोंडापासून दूर धरावा लागला.

"तिला तुम्ही यादीत नसलेले शेअर का द्यायचात?"

"यादीत नसलेले नव्हेत हो. यादी लागायच्या आत जे कुणी मागेल त्याला द्यायचे, तेवढ्यानं संपायचे, मग यादीत शून्य. दुसरं कुणी त्या वेळी विचारतच नव्हतं. कुणीही विचारलं असतं तर दिले असते. त्याच विचारायच्या." मग म्हणाला, "मीही या महिनाअखेर नोकरीतून सुटतोय. नंतर खिडकी नाही, सगळं यंत्रावर. आजची वाचू का? नऊ वाजायला आलेत."

"वाचा."

म्हाताऱ्यानं यादी वाचली. कंपनीचं नाव, आकडा, कंपनीचं नाव, आकडा, एका लयीत, मधे श्वास घ्यायला थांबत. त्यात गोड काही नव्हतं. हा ऐकत राहिला. ऊन टेबलावरून त्याच्या मनगटावर आलं. मधेच कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की आपला उजवा पाय दुमडून खुर्चीवर आला आहे. या म्हाताऱ्याचा अजूनही हेवा वाटत होता. तो गेला नव्हता, आणि जाईल असं त्याला वाटलंही नाही. दोनशे चौदा ओळींच्या सकाळी या माणसाकडे होत्या आणि त्याच्याकडे दार ओढल्याचा आवाज होता.

"लिफ्टवाल्या कंपनीचे आहेत का?" यादी संपल्यावर त्यानं विचारलं. सतरा मार्चच्या ओळीत तेच होते.

कागद उलटल्याचा आवाज आला. "नाहीत. आज नाहीत."

"बरं," तो म्हणाला. "उद्या करू का?"

"करा की," म्हातारा म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत आहे मी."

साडेनऊच्या आधी त्यानं भागीदारांना 'नाही' असं सांगितलं. दोनशे चौदा ओळी त्यानं एका वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवल्या होत्या, आणि प्रोग्रामचा निकाल उरलेल्या ओळींवर जेवढा येतो तेवढाच होता, बेताचा. भागीदार म्हणाले, "तुझ्या हातानं तिचंच काम काढून टाकतोस?"

"तिनं वेगळंच लिहिलं होतं," तो म्हणाला. "शेरा घालून. मी मिसळलं."

"गुंडाळायचं मग?"

"गुंडाळू."

भागीदारांनी पेन खाली ठेवलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या खोलीत गेले.

तो पुन्हा पुढच्या खोलीत येऊन बसला आणि वेगळ्या काढलेल्या फाइलच्या तळाला गेला. सतरा मार्चच्या ओळीखाली दीड वर्षाची पांढरी जागा होती. तिथे त्यानं आजची तारीख लिहिली. वेळ, आठ एकोणसाठ. लिफ्टवाली कंपनी. पुढे आकडा, शून्य. शेरा, फोनवर. आकडेवाली तेवढ्यात आली होती, खांद्यावरची पिशवी काढता काढता तिनं पडद्याकडे बघितलं.

"मिळाले का काही?"

"नाही."

"मग ओळ कशाला? राहू द्या की रिकामं. तुमच्या हिशेबानं एकच ना?"

"एक नाही," तो म्हणाला. "विचारलं होतं."